मेंदूच्या चुंबकीय अनुनाद प्रतिमांतील असमान उजळपणा व त्याची दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मेंदूची एमआरआय प्रतिमा ही सर्वसामान्य वाचकाला छायाचित्रासारखी वाटते. वस्तुतः ती छायाचित्र नसून मोजमापांचा तक्ता असते. प्रत्येक बिंदूवर मिळालेल्या रेडिओ संकेताची तीव्रता मोजून तिला करड्या रंगाची छटा दिली जाते. या तक्त्यात एक जुना दोष असतो. एकच प्रकारची ऊती मेंदूच्या एका भागात अधिक उजळ, तर दुसऱ्या भागात अधिक काळसर दिसते. ऊतीत काही फरक नसतो; फरक मोजणाऱ्या यंत्राचा असतो. इंग्रजी ग्रंथांत या दोषाला ‘शेडिंग’, ‘बायस फील्ड’, ‘इन्टेन्सिटी नॉन-युनिफॉर्मिटी’ अशी निरनिराळी नावे आढळतात. मराठीत अद्याप रूढ संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात या दोषास ‘उजळपणाची असमानता’ आणि तो निर्माण करणाऱ्या संथ चढउतारास ‘छायाक्षेत्र’ असे म्हटले आहे.

हा विषय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रतिमा-संस्करणाच्या अध्यापकांपुरता मर्यादित आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्व विदर्भात त्याला वेगळा संदर्भ प्राप्त होतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या विकारात मेंदूच्या श्वेत द्रव्यात कोणतीही बाह्य लक्षणे न दाखविणारे छोटे आघात होऊ शकतात. ते ओळखण्याचे साधन एमआरआय हेच असून तेथे ओळख पटते ती केवळ उजळपणाच्या फरकावरून. तो उजळपणा ऊतीचा की यंत्राचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली आणि प्रत्येक उत्तराने कोणते गृहीतक मनाशी धरले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समान क्षेत्राचा ध्यास

चुंबकीय अनुनादाच्या इतिहासात ‘समानता’ हा शब्द प्रारंभापासून आहे. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे लावलेल्या शोधाबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, स्टॅनफर्ड येथे आर्नॉल्ड, धर्माट्टी व पॅकार्ड या तिघांनी इथिल अल्कोहोलच्या वर्णपटात तीन वेगळ्या रेषा दाखविल्या. एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन गट तीन ठिकाणी दिसले. चुंबकीय क्षेत्र पुरेसे समान नसते, तर या तिन्ही रेषा एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टा दिसला असता. या तिघांपैकी एस. एस. धर्माट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व तेथे या विषयाच्या संशोधनाचा पाया त्यांनी घातला. भारतातील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाची परंपरा अशा रीतीने मुंबईशी जोडलेली आहे, ही बाब आपल्याकडील विज्ञान-इतिहासात फारशी नोंदली जात नाही.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या गणिताला उलटे वळण दिले. क्षेत्र मुद्दाम व नियमितपणे असमान केले, तर संकेताच्या वारंवारितेवरून त्याचे स्थान कळते, ही त्यांची कल्पना होती. दोन बारीक नळ्यांतील पाण्याची प्रतिमा त्यांनी मिळविली. १९७५ मध्ये झुरिच येथे अनिल कुमार, वेल्टी व अर्न्स्ट यांनी फुरिए रूपांतरावर आधारित पद्धत मांडली. अनिल कुमार हे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ कार्यरत होते. रुग्णालयांतील आजच्या बहुतेक यंत्रांचे प्रतिमांकन याच पद्धतीच्या वंशातील आहे. म्हणजेच, हवी ती असमानता आणि नको ती असमानता यांचा भेद हा या तंत्राच्या जन्मापासूनचा आहे. हवी असलेली असमानता अभियंत्याच्या हाती असते, तर नको असलेली त्याच्या हाती कधीच पूर्णपणे येत नाही.

दोषाचे उगमस्थान

मेंदूतून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. तो टिपणाऱ्या कॉइलच्या रचनेवर उजळपणा अवलंबून असतो. कॉइल शरीराच्या जितकी जवळ तितका संकेत बळकट. परंतु तिच्यापासून दूर जाताच तो झपाट्याने घटतो. १९८५ मध्ये हेस, एडलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यासारख्या आकाराची ‘बर्डकेज’ कॉइल तयार केली. तिच्यात संपूर्ण डोक्याभोवती संवेदनशीलता बऱ्यापैकी सारखी राहात असे. त्यानंतर १९९० मध्ये रोमर व सहकाऱ्यांनी अनेक छोट्या कॉइली एकत्र जोडण्याची ‘फेज्ड अॅरे’ पद्धत मांडली. या पद्धतीने संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर लक्षणीय सुधारले आणि पुढे प्रतिमा घेण्याचा वेळही कमी करता आला. मात्र कवटीलगतचा भाग उजळ व मेंदूचा मध्य काळसर दिसू लागला. एका गुणासाठी दुसरा गुण सोडावा लागला. येथे हे लक्षात घ्यावे की, पिंजरा कॉइलने बऱ्याच अंशी सोडविलेला प्रश्न नव्या तंत्राने पुन्हा निर्माण केला. आणि तो समजून-उमजून निर्माण केला, कारण असमानता संगणकाने दुरुस्त होईल पण हरवलेला संकेत परत मिळणार नाही, असा अभियंत्यांचा हिशेब होता.

दुसरे कारण प्रक्षेपित रेडिओ लहरींचे आहे. हायड्रोजनची अनुनाद वारंवारिता दर टेस्लाला सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. म्हणजे १.५ टेस्ला यंत्रात ती सुमारे ६४ व ३ टेस्ला यंत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झ होते. जलयुक्त ऊतीत या लहरींची लांबी १.५ टेस्लाला सुमारे ५२ सेंटिमीटर, तर ३ टेस्लाला निम्मी, म्हणजे सुमारे २६ सेंटिमीटर एवढीच उरते. डोक्याच्या आकाराशी लहरीची लांबी तुल्य झाली की लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी बळावतात व काही ठिकाणी क्षीण होतात. ३ टेस्लावर मेंदूच्या मध्यभागी दिसणारा अधिकचा उजळपणा यातून येतो. येथे दोषाचा काही भाग रुग्णाच्या स्वतःच्या शरीरावर अवलंबून असतो. त्यामुळे पाण्याच्या गोळ्यावर एकदाच मोजमाप घेऊन सर्व रुग्णांसाठी कायमचा तक्ता करून ठेवणे पुरेसे ठरत नाही.

गणिताच्या भाषेत ही असमानता गुणाकाराच्या स्वरूपाची असते : मोजलेला उजळपणा म्हणजे ऊतीचा खरा उजळपणा गुणिले त्या ठिकाणचे छायाक्षेत्र, अधिक गोंगाट. कल्पित आकडे घेऊन पाहू. श्वेत द्रव्याचा खरा उजळपणा १२० व करड्या द्रव्याचा ९० आहे असे मानू. मेंदूच्या मागील भागात छायाक्षेत्र ०.८ आणि पुढील भागात १.१ असेल, तर मागचे श्वेत द्रव्य ९६ व पुढचे करडे द्रव्य ९९ असे नोंदले जाईल. संगणकाला ‘१०५ च्या वर ते श्वेत द्रव्य’ अशी आज्ञा दिली, तर मागील भागातील श्वेत द्रव्य तो करडे ठरवील. आज्ञेतील आकडा ९८ केला, तर मागील चूक कायम राहून पुढील करडे द्रव्यही श्वेत ठरेल. असा कोणताही एकच आकडा सांगता येत नाही, जो दोन्ही ठिकाणी खरा ठरेल.

जो दोष डोळ्याला दिसला नाही

या दोषाकडे प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही, याचे कारण मानवी दृष्टीत आहे. एडविन लँड व जॉन मकॅन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘रेटिनेक्स’ सिद्धांताचा गाभा असा की, डोळा निरपेक्ष उजेड पाहत नाही. तो शेजारच्या भागांतील फरक पाहतो आणि संथपणे बदलणारा उजेड दुर्लक्षितो. खिडकीतून येणाऱ्या उजेडात भिंतीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असते. तरी भिंत एकाच रंगाची आहे हे आपण जाणतो. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्टही हेच करीत असे. नवी दिल्लीच्या इन्मास संस्थेत १९८६ मध्ये भारतातील पहिले एमआरआय यंत्र सुरू झाले. त्या काळच्या तज्ज्ञांना या असमानतेने अडविले नाही, कारण त्यांचे साधन डोळा हेच होते. संगणकाने मोजायला सुरुवात केली तेव्हा हा दोष ‘प्रश्न’ झाला. जो बदल डोळा क्षमा करतो, तो संगणक खरा मानतो.

योगायोगाने १९८६ हेच साल या प्रश्नाच्या लेखी इतिहासाच्या प्रारंभी येते. मॅकव्हे, ब्रॉन्स्किल व हेंकलमन यांनी त्या वर्षी ग्राहक कॉइलच्या संवेदनशीलतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॅझलग्रोव्ह व प्रॅमर यांनी पृष्ठभागी ठेवलेल्या कॉइलच्या प्रतिमा सुधारण्याची रीत मांडली. प्रतिमा पुष्कळ धूसर करावी. धूसर झाल्यावर अवयवांचे बारकावे पुसून जातात व मागे केवळ संथ छाया उरते. मग मूळ प्रतिमेला या छायेने भागावे. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे लिऑन अॅक्सेल व सहकारी यांनी याच दिशेने काम केले. १९८८ मध्ये नारायण, ब्रे, कुलकर्णी व सीव्हनपायपर यांनी पृष्ठ-कॉइलच्या संवेदनशीलतेच्या भरपाईवर निबंध प्रसिद्ध केला. लेखकांच्या या यादीतील परिचित नावे आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटू नयेत.

या साऱ्यामागचे गृहीतक एकच होते : जे संथ बदलते ते यंत्राचे, जे झटकन बदलते ते ऊतीचे. या गृहीतकाचा जन्म वैद्यकात झालेला नाही. १९६८ मध्ये ओपेनहाइम, शेफर व स्टॉकहॅम यांनी गुणाकाराने मिसळलेले संकेत वेगळे करण्याची ‘होमोमॉर्फिक’ पद्धत मांडली होती. लॉगरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि बेरजेतून संथ भाग गाळून काढणे सोपे जाते. याच विचारसरणीच्या आधारे स्टॉकहॅम यांनी पुढे गायक एन्रिको कारुसो यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतील भोंग्याचा दोष काढला. ध्वनिमुद्रिकेतील भोंगा आणि एमआरआयमधील कॉइल हे दोघेही मूळ वस्तूवर आपला गुणक चढवितात, हे साम्य लक्षात घेतल्यास या पद्धतीची कुळी स्पष्ट होते.

गृहीतक सोयीचे होते, पण निखळ नव्हते. मेंदूतील श्वेत द्रव्याचे मोठे पट्टे हेही ‘संथ’ असतात. धूसर प्रतिमेने भागताना यंत्राच्या छायेबरोबर ऊतीतील खरा फरकही काही अंशी वजा होई, आणि कडांशी खोटी उजळ झालर उमटे. १९९३ मध्ये डॅवांट, झायडेनबॉस व मार्गोलिन यांनी यावर वेगळा मार्ग सुचविला. श्वेत द्रव्यातील खात्रीचे बिंदू निवडावेत. ते सर्व एकसारखे असायला हवेत, म्हणून त्यांच्यातील फरक हाच छायाक्षेत्राचा पुरावा. त्या बिंदूंतून लवचीक पृष्ठभाग ताणून बसवावा. येथे गणित अधिक प्रामाणिक झाले. परंतु ‘खात्रीचे श्वेत द्रव्य’ कोणते, हे ठरविण्यासाठी आधी प्रतिमा वर्गीकृत करावी लागे, आणि वर्गीकरणासाठी आधी दुरुस्ती हवी. कोंबडी आधी की अंडे, हा पेच येथे उभा राहिला.

पेच सोडविण्याचे तीन मार्ग

१९९६ मध्ये बॉस्टन येथे वेल्स, ग्रिमसन, किकिनिस व योलेश यांनी हा पेच सोडविण्याऐवजी स्वीकारला. त्यांची रीत पुनरावर्ती होती. प्रथम छायाक्षेत्र नाही असे मानून प्रत्येक बिंदू श्वेत, करडा वा द्रव असण्याची संभाव्यता काढावी. त्या संभाव्यतांवरून छायाक्षेत्राचा अंदाज करावा. त्याने दुरुस्त केलेल्या प्रतिमेवर पुन्हा संभाव्यता काढाव्यात. आणि दोन्हींत बदल होणे थांबेपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. संख्याशास्त्रात ‘एक्स्पेक्टेशन-मॅक्झिमायझेशन’ या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना मेंदूच्या प्रतिमांना इतकी अनुकूल ठरली की पुढील दशकभर बहुतेक नव्या पद्धती तिच्याच शाखा होत्या. ऑक्सफर्डच्या गिलमो व ब्रेडी यांनी १९९७ मध्ये तिच्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. मूळ रीतीत प्रत्येक बिंदूला तीन-चार ठरावीक ऊतींपैकी एकीत बसविण्याची सक्ती होती. त्यांनी ‘इतर’ असा एक खुला वर्ग ठेवला. जे आपल्या ओळखीचे नाही ते ओळखीच्या चौकटीत कोंबू नये, हा विवेक त्यात होता. रोगग्रस्त मेंदूच्या संदर्भात या ‘इतर’ वर्गाचे मोल फार मोठे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा मार्ग माँट्रियलचा. बहुविध काठिण्य या मज्जाविकाराच्या रुग्णांच्या शेकडो प्रतिमा मानवी हस्तक्षेपाविना तपासण्याची तेथे गरज होती. स्लेड, झायडेनबॉस व इव्हान्स यांनी १९९८ मध्ये ‘एन३’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की ती कोणत्या ऊती आहेत हे विचारतच नाही. छायाक्षेत्रामुळे उजळपणाच्या वितरणाचा आलेख पसरट व बोथट होतो, एवढेच ती धरून चालते. मग आलेखाची शिखरे पुन्हा टोकदार करणारे सर्वांत संथ छायाक्षेत्र ती शोधते. २०१० मध्ये टस्टिसन व सहकाऱ्यांनी तिची सुधारित आवृत्ती ‘एन४’ या नावाने मुक्त आज्ञावली म्हणून उपलब्ध करून दिली. जगभरच्या संशोधनात आज सर्वाधिक वापरली जाणारी दुरुस्ती बहुधा हीच असावी.

तिसरा मार्ग आपल्याकडील अध्यापकांना सर्वांत परिचित आहे. लॉत्फी झाडे यांच्या १९६५ मधील धूसर संच सिद्धांतातून डन यांनी १९७३ मध्ये व बेझडेक यांनी १९८१ मध्ये ‘फझी सी-मीन्स’ ही गट पाडण्याची रीत विकसित केली. फाम व प्रिन्स यांनी १९९९ मध्ये तिच्यात छायाक्षेत्र अंतर्भूत केले. २००२ मध्ये अहमद, यामानी, फराग व सहकाऱ्यांनी शेजारच्या बिंदूंचा प्रभावही तिच्यात आणला. या रीतीचे गणित पदव्युत्तर विद्यार्थ्याला फळ्यावर समजावून देता येते आणि आज्ञावली मोजक्या ओळींत लिहिता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुयश आवटे यांनी शिकविलेल्या ‘मेडिकल इमेज कम्प्युटिंग’ या अभ्यासक्रमात मेंदूच्या प्रतिमेतील संथ असमानता लक्षात घेऊन फझी सी-मीन्सने तिचे विभाजन करणे हा विद्यार्थ्यांना दिलेला गृहपाठ आहे. १९९९ मध्ये जो संशोधन-निबंध होता, तो पुढील पिढीचा गृहपाठ झाला. विद्येची प्रगती अशीच मोजावी लागते.

कसोटीचा मेंदू आणि खरा मेंदू

दुरुस्ती बरोबर झाली हे ठरविणार कसे? जिवंत मेंदूचे ‘खरे’ उजळपण कोणालाच ठाऊक नसते. या अडचणीवर माँट्रियलच्याच गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ब्रेनवेब’ हा उपाय काढला. एका निरोगी व्यक्तीच्या अनेक प्रतिमांची सरासरी घेऊन त्यांनी एक संगणकीय मेंदू घडविला. त्यावर गोंगाट आणि ०, २० वा ४० टक्के असमानता हवी तशी चढविता येते. वीस टक्के याचा अर्थ मेंदूच्या क्षेत्रात गुणक ०.९ पासून १.१ पर्यंत बदलतो. मूळ उत्तर हाती असल्यामुळे कोणत्याही नव्या रीतीला गुण देणे शक्य झाले. विनामूल्य उपलब्ध असल्याने भारतातील असंख्य प्रबंध याच एका मेंदूवर उभे राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. ब्रेनवेबवरील मोठी टक्केवारी ही रुग्णाच्या मेंदूवरील यशाची हमी नव्हे. त्या मूळ मेंदूत आजार नाही, आणि चढविलेली छाया सौम्य आहे. एन३ ची मूळ रचना १.५ टेस्ला यंत्रांच्या प्रतिमांसाठी झाली होती व तिच्यात छायाक्षेत्राच्या संथपणाचे मूलभूत अंतर २०० मिलिमीटर धरलेले होते. पुढे ३ टेस्ला व अनेक कॉइलींच्या प्रतिमांवरील अभ्यासांत हे अंतर ३० ते ५० मिलिमीटरपर्यंत खाली आणल्यास फल चांगले येते असे आढळले. आज्ञावलीत आयता आलेला आकडा जसाच्या तसा ठेवून मिळविलेले निष्कर्ष त्यामुळे तपासून पाहावे लागतात. अंतर जितके कमी करावे तितके छायाक्षेत्र अधिक चपळ होते, आणि तितकाच ते ऊतीतील खरा फरक गिळून टाकण्याचा धोका वाढतो. ही तारेवरची कसरत कोणत्याही पद्धतीला चुकलेली नाही.

या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण मेंदूच्या गाठींच्या अभ्यासात मिळते. ‘ब्रॅट्स’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी ग्लायोमा रुग्णांच्या प्रतिमा सिद्ध करताना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बाकस व सहकाऱ्यांना असे दिसून आले की, असमानतेची दुरुस्ती केली असता फ्लेअर प्रकारच्या प्रतिमेतील विकृतीचा संकेतच पुसला जातो. गाठीभोवतीची सूज विस्तीर्ण, उजळ व संथ कडांची असते. दुरुस्तीच्या दृष्टीने ती छायाक्षेत्रासारखीच दिसते. २०१७ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. या मालेत पुढे ही दुरुस्ती प्रतिमा एकमेकींशी जुळविण्याच्या टप्प्यापुरती तात्पुरती वापरून अंतिम प्रतिमांतून वगळण्याची पद्धत रूढ झाली. ज्या विद्यापीठात १९८७ साली दुरुस्तीच्या आरंभीच्या रीतींपैकी एक घडली, तेथेच तीस वर्षांनी ती बाजूला ठेवण्याचा निर्णय झाला.

या स्पर्धेशी मराठवाड्याचा निकटचा संबंध आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत एस. एन. तलबार यांच्यासमवेत संशोधन केलेले उज्ज्वल बैद हे २०२१ च्या ब्रॅट्स संचाचे वर्णन करणाऱ्या निबंधाचे प्रथम लेखक आहेत. या संचात २,०४० रुग्णांचा समावेश होता. त्याआधी २०२० मध्ये नांदेडच्या याच गटाने टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांसमवेत ग्लायोमाच्या स्वयंचलित विभाजनावर निबंध प्रसिद्ध केला. महानगराबाहेरच्या महाविद्यालयाला या क्षेत्रात स्थान नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

पूर्व विदर्भाचा प्रश्न

१९५८ मध्ये नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून विदर्भ या विकाराच्या नकाशावर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. रक्ततपासणीवर भर असणे योग्यच आहे. परंतु आजार ठरल्यानंतर मेंदूचे काय, हा पुढचा प्रश्न उरतो.

अमेरिकेतील अभ्यासांत सिकलसेल अॅनिमिया असलेल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांमध्ये सहाव्या वर्षापूर्वीच मूक आघात आढळले आहेत. भारतातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुष्कळदा अधिक असल्याने हा आकडा येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. डीबॉन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नियमित रक्त दिलेल्या मुलांपैकी ६ टक्क्यांत नवा आघात झाला, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी १४ टक्क्यांत झाला. मूक आघाताची व्याख्या तेथे अशी होती : फ्लेअर प्रतिमेत किमान एका दिशेने ३ मिलिमीटरचा व दोन प्रतलांत दिसणारा विकृत संकेत. म्हणजे मुलाला महिनोन्‌महिने रक्त द्यायचे की नाही, हे तीन मिलिमीटरच्या उजळ ठिपक्यावर अवलंबून असू शकते.

तीन मिलिमीटरचा ठिपका दुरुस्तीने पुसला जाईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तीस मिलिमीटरच्या प्रमाणावर वळणारे छायाक्षेत्र इतक्या लहान वस्तूला सहसा धक्का लावीत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. हे आघात बहुधा ललाटखंड व पार्श्वखंडातील खोल श्वेत द्रव्यात होतात. अनेक कॉइलींच्या प्रतिमेत नेमका हाच खोल भाग काळसर येतो. स्वयंचलित आज्ञावली ठरावीक उजळपणाच्या वरचे ठिपके मोजत असेल, तर खोल भागातील खरा ठिपका निसटेल आणि कवटीलगतचा निरोगी भाग मोजला जाईल. दुरुस्ती न करणे हेही येथे निरुपद्रवी नाही. उलटपक्षी, श्वेत द्रव्यातील बदल विस्तीर्ण व पसरट असतील, तर ग्लायोमाच्या सूजेबाबत जे झाले तेच येथे होऊ शकते. लहान ठिपक्यांसाठी दुरुस्ती हवी, पसरट बदलांसाठी ती जपून हवी. दोन्ही एकाच मुलाच्या मेंदूत असू शकतात. म्हणून दुरुस्त प्रतिमेबरोबर मूळ प्रतिमा आणि आज्ञावलीने काढलेले छायाक्षेत्र अशा तिन्ही गोष्टी जतन करणे अगत्याचे आहे. छायाक्षेत्राच्या चित्रात मेंदूच्या घड्या वा आघाताची आकृती उमटलेली दिसली, तर दुरुस्तीने आपली मर्यादा ओलांडली असे खुशाल समजावे. ही तपासणी करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही; साधा संगणक आणि पाहणारा डोळा पुरेसा आहे.

अलीकडे खोल शिक्षणाच्या पद्धतींनी प्रश्नाची मांडणीच बदलली आहे. बिलो व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिंथसेग’ पद्धतीत छायाक्षेत्र दुरुस्त करण्याऐवजी शिकणाऱ्या जाळ्याला हजारो यादृच्छिक छायाक्षेत्रे चढविलेल्या कृत्रिम प्रतिमा दाखविल्या जातात, जेणेकरून त्याने छायेकडे दुर्लक्ष करण्यास शिकावे. लँड यांनी वर्णिलेल्या डोळ्याकडे संगणक अशा रीतीने परतला आहे.

यंत्रांच्या बाबतीतही स्थिती पालटत आहे. मुंबईच्या पवई येथील समीर ही संस्था १.५ टेस्लाचे देशी एमआरआय यंत्र विकसित करीत आहे. २०२५ मध्ये चाचणीसाठी दिल्लीच्या एम्सशी तिने करार केला. त्याच वर्षी बंगळुरूच्या व्होक्सेलग्रिड्स या कंपनीचे देशी यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसविण्यात आले. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून सुरू आहे, आणि नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. विदेशी यंत्रांतील कॉइलींची संवेदनशीलता बहुधा निर्मात्याच्या बंद पेटीत राहात आली. देशी कॉइल कोठे उजळ व कोठे काळसर पाहते, याचा नकाशा पूर्व विदर्भातील रुग्णांवरच प्रथम काढता येईल. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र यांचे अध्यापक जिल्ह्यातील महाविद्यालयांत आहेत.